न मागितलेली मतं

बाबांना आमचा मतदारसंघ तोंडपाठ होता. खाडीकाठची गावं कुणाच्या बाजूनं, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाड्या कुणाच्या, घाटाच्या पायथ्याची माणसं ऐनवेळी कुठे वळतात आणि का वळतात, हे ते कुठूनही सुरू करत आणि जेवण संपलं तरी त्यांचं संपत नसे. गंमत अशी की त्या मतदारसंघात त्यांनी स्वतः एकदाही मत दिलेलं नव्हतं. कोवळ्या वयात ते आखातात आले, गावच्या मतदारयादीत नाव तेवढं राहिलं, आणि निवडणूक लागली की नेमकी कंपनीत रजा नसायची. स्वतः कधी मत न दिलेला माणूस इतरांच्या मतांवर किती बोलू शकतो, हे मी लहानपणी रोज ऐकत होते.

आम्ही दुबईत ऊद मेथाला राहायचो. शाळा हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर एका मल्याळी माणसाचं किराणा दुकान, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीतला एसी, जो इतका घरघरायचा की तो बंद पडला तर आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. शुक्रवार सुट्टीचा. सकाळीच बाबा देऱ्याच्या मासळीबाजारात जाऊन सुरमई आणत. आई पिशवी उघडायच्या आत भाव विचारायची. “बारा दिरहम? म्हणजे आपले पंचावन्न-छप्पन रुपये! अहो, एवढ्यात गावाला टोपली भरली असती.” बाबा दर वेळी म्हणत, “मग गावाला जाऊन आण.” हा संवाद इतक्या शुक्रवारी ऐकलाय की आजही मासे आणले की मी मनातल्या मनात दोन्ही बाजू बोलून टाकते. नारळ फ्रीजरमधल्या पाकिटातला, आमसुलं मात्र गावाहून कुणाच्या तरी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आलेली, आणि तांदळाच्या भाकरीऐवजी कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम खुबूस. सुरमईच्या तिखल्यात बुडवलेल्या खुबूसाची चव मला अजून कुठल्याही हॉटेलात मिळालेली नाही.

दुपारी जबल अलीच्या कामगार कॅम्पांतून आमच्या मुलखातली माणसं यायची. वेल्डर, सुतार, गोदामात काम करणारे, सगळे एकटे राहणारे, बायकामुलं गावाला. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पडायचा. समोरच्या फ्लॅटमधले ग्रेगअंकल, वसईचे, एका हॉटेलात रिसेप्शनला होते, ते त्या ढिगाकडे बघून म्हणायचे, “बेबी, तुझ्या डॅडीने काय मंदिर उघडलंय का?” एरवी घरात बाबा आमच्याशी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलत, पण ही माणसं आली की मालवणीवर येत आणि त्यांचा आवाजसुद्धा वेगळा लागायचा, मोकळा. मग ताटातच मतदारसंघ मांडला जायचा. सोलकढीची वाटी ही खाडी, भाताचा ढीग हा सडा, आणि सुरमईचा काटा हा घाट. मी मध्येच इंग्रजीत काही विचारलं की सगळे हसायचे आणि मला खाडीच्या कडेचा एक तुकडा मिळायचा.

त्या मतदारसंघाचा स्वभाव मी या ताटांमधून शिकले, आणि तो स्वभाव मोठा हट्टी होता. एक मोठे पुढारी हेलिकॉप्टरनं प्रचाराला आले आणि उतरताना त्यांनी सड्यावर वाळत घातलेली सगळ्यांची सुकी मासळी उडवली. त्या बाजूच्या एकाही वाडीनं त्यांना मत दिलं नाही, आणि मांजरं मात्र आठवडाभर त्यांच्या बाजूनं होती. दुसरे एक उमेदवार स्वभावाने देवमाणूस, पण जीपमधून न उतरता हात जोडत गेले, आणि आपटले. आमच्याकडे मत मागायचं तर उमेदवारानं पायवाट चढून खळ्यात, म्हणजे अंगणात, यायचं, ओसरीच्या पायरीवर बसायचं, पाणी मागून प्यायचं आणि घरातल्या थोरल्या बाईला तोंडानं म्हणायचं, मला मत द्या. कार्यकर्ता पाठवला तर चालत नाही, पत्रक तर नाहीच नाही. जो मागायला आला नाही त्याला मत द्यायचं नसतं, मग तो कितीही चांगला असो. दुसरी गोष्ट म्हणजे पडलेल्या माणसाबद्दल तिथं फार माया. एकदा पडलेला उमेदवार पुढच्या वेळी बहुधा निवडून यायचा. त्यामुळे हुशार मंडळी पहिला पराभव हसत घेत. ही सगळी हकीकत बाबा अशा कौतुकानं सांगत की जणू मतदारसंघ हा त्यांचा एखादा तऱ्हेवाईक मामा आहे.

मी हे प्रकरण लिहायला बसले त्याला कारण माझी मुलगी. ती आता कॅनडात, गव्हाच्या शेतांमधल्या एका छोट्या गावात असते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मला सांगत होती, “मॉम, यू वोन्ट बिलीव्ह, इतक्या बर्फात एक माणूस दारावर आला, बूट झटकले आणि म्हणाला, मला मत द्या.” तिथली शेतकरी मंडळी पिढ्यान्पिढ्या एकाच बाजूला मत देतात, तरीही दारावर न येणाऱ्याला नावं ठेवतात, असं तिच्या शेजारणीनं तिला सांगितलं. मी म्हटलं, त्याला पाणी दिलंस का? तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. या मुलीला तिच्या आजोबांची निवडणूक कुणीच सांगितलेली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बाबा जबल अलीच्या एका कंपनीत मंदूब होते. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. व्हिसा, मेडिकल, कामगार खातं, टायपिंगवाल्याकडे अर्ज, काउंटरवर अरबीत गोड बोलून शिक्का. या कामामुळे त्यांच्याकडे आणखी एक काम आपोआप आलं, ज्याचा पगार नव्हता. आमच्या मुलखातला कुणी माणूस इकडे वारला की फोन बाबांना यायचा. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, विमान कंपनीचं कार्गो, या सगळ्या दारांतून त्या माणसाला बाहेर काढून त्याच्या गावी पोचवायचं. कंपनी कुठलीही असो, जात कुठलीही असो. बाबा घरातून जाताना फक्त आईला गावाचं नाव सांगत. परत आले की आईनं दाराशी बादली भरून ठेवलेली असायची. ते हातपाय धुऊन सरळ न्हाणीघरात जात आणि मग जेवत. त्या दिवशी ताटात मतदारसंघ मांडला जात नसे.

म्हणून जेव्हा एका शुक्रवारी त्या माणसांनी बाबांना म्हटलं की ह्या टायमाक तुमीच उभे रवा, तेव्हा मला नवल वाटलं नाही. जुने आमदार थकले होते, दोन्ही मोठे पक्ष आपसांत भांडत होते. “गावागावात तुमचा नाव आसा, काका,” एक वेल्डर म्हणाला. “आमी घरी फोन करतलो. आमच्या बायकांका सांगतलो.” त्या काळी गल्फमधून आलेल्या फोनला घरात वजन असायचं. बाबा आधी हसले, मग त्यांनी सोलकढीची वाटी जरा उजवीकडे सरकवली. ती वाटी सरकली तेव्हाच मी ओळखलं की हे जाणार.

मी दहावीत होते आणि मला जायचं नव्हतं. बाबा निवडून आले तर आम्ही सगळे गाशा गुंडाळून गावाला जाणार, हे घरात उघड ठरलं होतं. माझ्या मैत्रिणी, माझी शाळा, क्रीकच्या काठावरची संध्याकाळ, हे सगळं सोडून मला एका गावात जावं लागणार होतं जिथे मी दर दोन वर्षांनी सुट्टीत जाऊन पोट बिघडवून घेत असे. आईचं नेमकं उलट. ती एसीच्या घरघराटात इतकी वर्षं काढून कंटाळली होती, तिला तिचं अंगण हवं होतं, तिची माणसं हवी होती. तेव्हा आमच्या घरात एकच उमेदवार होता आणि दोन पक्ष. आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून बाबांच्या विजयासाठी हात जोडायची, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून त्याच देवाकडे ते पडावेत म्हणून मागणं मागायची. त्याची मला आजही लाज वाटत नाही. देवाला दोन्ही अर्ज एकाच वेळी मिळत होते, त्यानं काय ते बघून घ्यावं.

कंपनीतले बाबांचे साहेब, आम्ही त्यांना अबू सामी म्हणायचो, लेबनॉनचे होते. त्यांनी बिनपगारी रजा दिली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. “यल्ला, हबीबी, जा. जिंकलास तर इन्शाल्ला मला तुझ्या गावाला बोलव. हरलास तर खलास, शनिवारी कामावर ये.” बाबा हे घरी येऊन हसत सांगत होते, पण आईनं शनिवारचा उल्लेख मनावर घेतला आणि अबू सामींना दोन दिवस नावं ठेवली. बाबा गेले. अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं कपबशी. ग्रेगअंकल ते ऐकून खूश. “वहिनी, आता रोज सकाळी प्रचार तुमच्याच हातात,” असं ते भांडी घासणाऱ्या आईला म्हणाले, आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे चहा प्यायला आले की कपाला हात जोडून नमस्कार करायचे.

बाबा दर शुक्रवारी तालुक्याच्या गावातल्या बूथवरून फोन करत. मागे एसटीच्या स्टँडचा गलका, मध्येमध्ये लाइनीत खरखर. आई रिसीव्हर कानाशी धरायची आणि मी तिच्या गालाला गाल लावून ऐकायची. बाबांचा आवाज मला ओळखू येईना इतका ताजा झाला होता. खाडीकाठ फिरून झाला. सड्यावर पायाला फोड आले. कुठल्या ओसरीवर कुणी गुळाचा खडा दिला, कुठे म्हातारीनं बाबांच्या आजोबांची ओळख काढली, हे सगळं ते सांगत. पाणी पिऊन पिऊन पोट डेऱ्यासारखं झालंय, म्हणत. मी त्यांच्यावर रागावले होते, तरी ऐकताना मला त्यांचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं ताटात मांडलेला मुलूख आता त्यांच्या पायाखाली होता.

एका फोनवर आईनं विचारलं, “पोयरेवाडीला गेलात? शांतारामच्या घरी?”

शांताराम हा शटरिंगचं काम करणारा सुतार. आमच्याकडे शुक्रवारी यायचा, कमी बोलायचा, भरपूर खायचा. तरुण वयात एके दिवशी कॅम्पमध्ये झोपेतच गेला. बाबांनीच त्याला घरी पाठवला होता. मागे आई, बायको आणि दयानंद नावाचा धाकटा भाऊ. पुढे हा दयानंदही जबल अलीला एका गोदामात कामाला लागला होता.

बाबा म्हणाले, “तिथं नाही गेलो. अशा कुठल्याच घरी जाणार नाही.”

“का हो?”

“ज्यांच्या माणसाला मी पेटीतून पाठवला, त्यांच्याकडे मतं मागू? म्हणजे त्या कामाची किंमत मागितल्यासारखं होईल. त्या घरांवरून मी मान खाली घालून पुढे जातो. कार्यकर्त्यांनाही सांगितलंय, तिथं आपलं पत्रकसुद्धा जायचं नाही.”

आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, “बरोबर केलंत.” मलाही ते बरोबर वाटलं. इतकं बरोबर, की त्या रात्री मी देवापाशी माझा अर्ज जरा हळू आवाजात केला.

बाबा पडले. निकालाचा फोन आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती; तिनं ऐकलं, “बरं, जेवलात का?” असं विचारलं आणि फोन ठेवून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी जिंकले होते आणि मला जराही आनंद झाला नाही. आईच्या मागे जाऊन तिला मिठी मारावीशी वाटत होती, पण ती तशा मिठ्या मारणारी बाई नव्हती, म्हणून मी तिच्या समोर बसून तांदळातले खडे काढू लागले. त्या पाकिटबंद तांदळात कधीच खडे नसायचे.

बाबा परतले, काळे पडलेले, वाळलेले, आणि शनिवारी कामावर गेले. अबू सामींनी त्यांना मिठाईचा खोका दिला. शुक्रवारी माणसं आली आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, काका, पुढच्या टायमाक तुमीच. पडलेल्याला आपला मतदारसंघ उचलतोच. बाबांनी मान डोलावली. पराभवाचं त्यांना फार वाटलं नव्हतं, ते खरंच शांत होते, पण एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती. खाडीकाठानं दिली तेवढी मतं मिळाली, सड्यानं नाकारली तेही कळलं. पण जिथे जिथे त्यांनी कुणाला पोचवलं होतं, त्या वाड्यांनी त्यांना जवळजवळ काहीच दिलं नव्हतं. “मी मागितली नव्हती, हे खरं,” ते आईला म्हणाले, “पण मला वाटलं होतं, न मागता देतील.” एवढा मतदारसंघ कोळून प्यायलेला माणूस, आणि त्याला असं वाटलं होतं! आज मला त्यांची ती चूक फार गोड वाटते. ते स्वतःचाच नियम विसरले नव्हते. तो नियम आपल्याला लागू होत नाही, असं त्यांना मनातून वाटत असावं. प्रेमात पडलेल्या माणसाला वाटतं तसं.

पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी दयानंद आला. एरवी तो इतरांबरोबर यायचा, त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर एकटा आला. बूट काढून ओळीत ठेवले, खुर्चीच्या कडेवर बसला. आईनं ताट वाढायला घेतलं तर हातानंच नको म्हणाला. कंपनीची बस लेट झाली, सुपरवायझरनं ओव्हरटाइम लावला, असं काहीबाही बोलला.

“काका,” तो म्हणाला, “आवस फोनवर रडता हा.”

“काय झाला तुझ्या आयेक?” बाबा घाबरून पुढे सरकले.

“तुमी आमच्याकडे येवक नाय.” तो खाली जमिनीकडे बघत होता. “आमच्या शेजारच्या घरात इलास, पाणी पिलास. तिना खळ्यातसून तुमका बघल्यान. ती कळशी भरून वाट बघी होती. तुमी मान खाली घालून फुडे गेलास.”

“अरे, मी कसो येव तुमच्याकडे?” बाबा म्हणाले. “तुझ्या भावाक मी पेटयेत घालून पाठवलंय. त्येच्याच दारात बसान मत मागू? माका लाज नाय?”

“ता मी सांगलंय तिका. माका वाटलाच होता तसा.” दयानंदनं आता वर पाहिलं. “पण ती म्हणता, आमी गरीब, आमच्याकडे त्या माणसाचा फेडूक दुसरा काय होता? एक मत होता. ता पण त्येनी मागूक नाय. मागल्यान आसता तर दिला आसता, आणि आमी मोकळी झालो आसतो. आता जल्मभर तसाच डोक्यार ऱ्हवतला. दुसरो एक उमेदवार इलो, पायरेर बसलो, मत मागल्यान. मागल्यार नाय म्हणूचा नसता, म्हणान तिना त्येका दिल्यान. आणि आता रडता.”

आई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन तशीच उभी होती. मी बाबांकडे पाहिलं. आपण त्या माणसांची लाज राखली, एवढंच समाधान घेऊन ते त्या पराभवातून परत आले होते, आणि आता तेही हातातून गेलं होतं. मला दयानंदचा राग आला. कशाला सांगायचं होतं? निवडणूक होऊन गेली, माणूस पडला, आता त्याच्या हातात काय आहे? त्या वयात मला वाटायचं की उशिरा कळलेल्या गोष्टी न कळलेल्याच बऱ्या. आता पन्नाशी ओलांडल्यावर मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण पुढची पाच-दहा मिनिटं.

बाबा उठले, फोनपाशी गेले. “तुझ्या घराजवळ फोन कोणाकडे आसा?”

दयानंदनं वाडीतल्या दुकानदाराचा नंबर सांगितला. शुक्रवारी फोन स्वस्त असे, म्हणून लाइन लागता लागत नसे. बाबा पुन्हा पुन्हा आकडे फिरवत राहिले. शेवटी लागला. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, शांतारामच्या आवशीक हाक मार, मी धरून ऱ्हवतंय. तिकडून हाका ऐकू येत होत्या, कोंबड्या, कुणाची तरी सायकल. आईनं ताट खाली ठेवलं. परदेशात फोन धरून ठेवणं म्हणजे आमच्या घरात पाप होतं, पण त्या दिवशी तिनं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग म्हातारी आली. फोनवर बोलायची सवय नसलेल्या माणसांसारखी ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. “कोण? कोण बोलता?”

बाबांनी नाव सांगितलं. बाबा उभ्या उभ्या बोलत होते, ते खाली जमिनीवर बसले. कुणाच्या तरी पायरीवर बसतात तसे, गुडघे जवळ घेऊन.

“काकी,” ते म्हणाले, “मी मत मागूक फोन केलंय.”

“आता?” ती म्हणाली. “आता मागतंस, झिला? सगळा सरल्यार?”

“होय. तेव्हा चुकलो. आता मागतंय. माका मत द्या.”

दयानंद उभा राहिला होता, हात छातीशी धरून. मग ती बोलली, आणि आता तिचा आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, ओसरीवर बसून थोरली बाई बोलते तसा.

“दिलंय,” ती म्हणाली. “ह्या घरातली सगळी मतां तुका दिलंय. माझा दिलंय. सुनेचा दिलंय. दयानंदाचा दिलंय. आणि शांतारामाचा पण दिलंय.”

बाबांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला होता.

“गावली, काकी,” ते म्हणाले. “सगळी गावली.”